रिमोटवरचा ग्लायडर हवेत मध्येच ऐकेनासा होतो? रिसीव्हर बदलायच्या आधी हे बघा

आमच्या क्लबात दर सीझनला कोणी ना कोणी तुटलेलं नाक हातात घेऊन चालत येतं आणि वाक्य ठरलेलं असतं, "रेडिओनं दगा दिला." मग तो रेडिओ, म्हणजे हातातला रिमोट (ट्रान्समीटर) आणि ग्लायडरमधला रिसीव्हर, बघायचा असतो मला. आणि बहुतेक वेळा रेडिओ बिचारा ठणठणीत असतो, वीजच नीट पोचलेली नसते. एवढ्या वेळा हेच निस्तरलंय की आता एकदा बसून लिहूनच काढतो, नाहीतर परत भर उन्हात मैदानावर उभं राहून तेच तेच सांगावं लागतं.

आधी लक्षणं. नेमकं काय झालं ते आठवा, आणि त्याहून महत्त्वाचं म्हणजे ते कधी झालं ते आठवा, कारण अर्धं निदान त्या "कधी"मध्येच असतं.

- अर्धा-एक सेकंद सगळेच सर्व्हो (पंख-शेपटीचे हलते पृष्ठभाग फिरवणाऱ्या छोट्या मोटरी) गप्प, मग जणू काही झालंच नाही अशा थाटात सगळं परत चालू.
- लँडिंगला क्रो ब्रेक लावला, म्हणजे पंखाच्या मुळाजवळचे फ्लॅप खाली, टोकाजवळचे एलेरॉन वर, की त्याच क्षणी स्टिक मेली.
- दोन-तीनदा मोटर चालवून चढवला, वीस-पंचवीस मिनिटं झाली, मग त्रास सुरू. खाली आणून बघितलं तर सगळं नॉर्मल.
- लांब गेला की, किंवा एका ठरावीक कोनात वळला की चुकतो, जवळ असला की शहाणा.
- एकच पृष्ठभाग थरथरतो, बाकी सगळे शांत.
- उतरल्यावर रिसीव्हरचा लाइट लुकलुकतोय, उडवताना तो स्थिर होता. (बऱ्याच रिसीव्हरवर याचा अर्थ मध्ये वीज किंवा सिग्नल गेला होता असा असतो, आपल्या रिसीव्हरचं मॅन्युअल बघा, प्रत्येकाची भाषा वेगळी.)

सगळे सर्व्हो एकदम गेले तर दोष वीज किंवा सिग्नलचा, एकच गेला तर त्या सर्व्होचा किंवा त्याच्या वायरचा. एवढं एक वाक्य डोक्यात ठेवलं तरी निम्मे लोक उगाच रिसीव्हर विकत घेणार नाहीत.

आता एक अट, यावर मी वाद घालत नाही. इलेक्ट्रिक ग्लायडर असेल तर खालचं काहीही करायच्या आधी प्रॉप काढा. फोल्डिंग प्रॉप मिटलेला असतो म्हणून गरीब वाटतो पण मोटर फिरली की तो क्षणात उघडतो आणि बोटाला लागतं ते जन्मभर लक्षात राहतं.

पैसे न लागणारी पहिली गोष्ट: तो फॉल्ट होता का?

ऐकायला कडू आहे पण सांगतो. लोकांनी "कंट्रोल गेला" म्हणून आणलेल्या केसेसमध्ये बऱ्याच साध्या स्टॉलच्या, म्हणजे पंखाची उचलच गेल्याच्या, असतात. वेग कमी, एलिव्हेटर (शेपटीवरचा, नाक वर-खाली करणारा) मागे ओढलेला, नाक वर, आणि मग एक पंख धपकन पडतो, तुम्ही एलेरॉन मारताय पण हवाच पुरेशी वाहत नाहीये तर एलेरॉन काय करणार, उलट स्टॉलच्या तोंडावर खाली गेलेला एलेरॉन त्या टोकाला आणखी लवकर स्टॉल करतो. पायलटला वाटतं रिमोट मेला. विशेषतः वाऱ्याबरोबर येताना जमिनीवरचा वेग बघून आपण फसतो, वाटतं भरपूर स्पीड आहे, आणि आपण ओढत राहतो.

ओळखायचं कसं, तर बघणाऱ्याला विचारा. नाक आधी वर गेलं होतं का, मग एक पंख पडला का. खरा रेडिओ किंवा पॉवरचा घोटाळा असला तर ग्लायडर ज्या वळणात असतो त्याच वळणात किंवा फेलसेफला (सिग्नल गेल्यावर सर्व्होंनी कुठे जायचं ते आधीच ठरवलेलं असतं, त्याला) ठेवलेल्या पोझिशनमध्ये जातो, स्टिक सोडली तरी त्याला फरक पडत नाही. स्टॉलमध्ये स्टिक पुढे सोडली की तो परत उडायला लागतो. दुसरा प्रकार म्हणजे लांब गेल्यावर नाक आपल्याकडे आहे की शेपूट हेच कळलं नाही आणि उजवं-डावं उलटं दिलं. माझं स्वतःचं एक दोन मीटरचं ग्लायडर याच कारणानं झाडात गेलंय आणि मी आठवडाभर सगळ्यांना रिसीव्हर खराब होता असं सांगत फिरत होतो.

दुसरी गोष्ट: हातातला रिमोट

ट्रान्समीटरची बॅटरी बघा, अलार्म किती व्होल्टला लावलाय ते बघा. मॉडेल मेमरी (रिमोटमध्ये साठवलेली त्या-त्या विमानाची सेटिंग) बरोबर निवडलीय का तेही बघा, हसू नका, मी बघितलंय.

मग अँटेना. २.४ गिगाहर्ट्झच्या साध्या काडी अँटेनाच्या टोकातून सिग्नल सगळ्यात कमी निघतो, बाजूनं जास्त. त्यामुळे बंदूक रोखल्यासारखं टोक ग्लायडरकडे करून उभं राहणं म्हणजे सगळ्यात कमजोर बाजू त्याच्याकडे करणं. टोक आडवं किंवा वर ठेवा. आणि उतारावर उडवत असाल तर कड्याच्या काठापासून मागे उभं राहून ग्लायडर काठाच्या खाली नेऊ नका, या फ्रिक्वेन्सीला समोरासमोरची मोकळी दृष्टी लागते, मध्ये डोंगर आला की खेळ संपला. ओली झाडी आणि माणसाचं शरीरसुद्धा हा सिग्नल बऱ्यापैकी पितात, म्हणून ग्लायडर पाठीमागे गेला तर नुसती मान नका वळवू, आख्खे वळा.

जुन्या लोकांसाठी एक गंमत. ३५ आणि ७२ मेगाहर्ट्झच्या काळात एकाच चॅनलवर दोघांनी रिमोट लावला की दुसऱ्याचं विमान हमखास खाली, म्हणून बोर्डावर चॅनलच्या चिमट्या असायच्या, चिमटी हातात असेल तोच रिमोट ऑन करणार. २.४ आल्यावर ती चिमटी गेली आणि लोकांना वाटलं आता इंटरफिअरन्स हा विषयच संपला. तो खूप कमी झाला हे खरं, पण त्यामुळेच आता ग्लिच आला तर शेजाऱ्याकडे बोट दाखवायच्या आधी आपल्या बॅटरीकडे दाखवा.

तिसरी: रेंज चेक, नीट केलेला

प्रत्येक बऱ्या रिमोटमध्ये रेंज चेक मोड असतो, त्यात पॉवर मुद्दाम कमी होते आणि मग साधारण तीस पावलांवर सगळं चालायला हवं. तुमच्या सिस्टिमचं अंतर मॅन्युअलमध्ये असेल ते धरा. लोक काय करतात, ग्लायडर गवतावर ठेवतात, तीस पावलं चालतात, एलेरॉन हलला, झालं. त्यात काहीच कळत नाही. दुसऱ्याला ग्लायडर छातीच्या उंचीवर धरायला सांगा, मग त्याला सगळ्या दिशांना फिरवायला सांगा, नाक तुमच्याकडे, शेपूट तुमच्याकडे, पोट तुमच्याकडे, एक पंख खाली. तुम्ही सतत स्टिक हलवत राहा, त्यानं ओरडून सांगायचं कुठल्या कोनात सर्व्हो अडखळला. एका ठरावीक कोनातच अडखळला तर दोष अँटेनाच्या जागेचा, सगळीकडे अडखळला तर पुढे बघू.

मग हेच मोटर चालू करून. अर्थात प्रॉपशिवायच. मोटर बंद असताना पास आणि चालू असताना नापास झाला तर इएससीच्या (मोटरचा वेग ठरवणाऱ्या सर्किटच्या) वायरी आणि रिसीव्हर एकमेकांच्या अंगावर बसलेत का ते बघा, शक्य तितके लांब करा.

चौथी: रिसीव्हरची अँटेना

२.४ गिगाहर्ट्झची तरंगलांबी सुमारे साडेबारा सेंटिमीटर आणि काम करणारा भाग त्याच्या पाव, म्हणजे साधारण ३१ मिलिमीटर. ती जी बारीक वायर रिसीव्हरमधून येते त्यातला शेवटचा ३१ मिलिमीटरचा उघडा तुकडा हीच खरी अँटेना, बाकीची लांबी नुसती केबल. हे समजलं की दोन गोष्टी आपोआप समजतात. एक, ते टोक वाकवू, कापू, गुंडाळू नका. दोन, ते टोक कार्बनच्या आत ठेवू नका, कार्बन फायबर वीज वाहतं आणि सिग्नल अडवतं.

आमच्याकडे एका काकांचं नवीन मोल्डेड ग्लायडर होतं, सुंदर काळं नाक, गुळगुळीत. तिसऱ्या फ्लाइटला वळताना गेलं. उघडून बघितलं तर दोन्ही अँटेना नाकात, कार्बनच्या पिंपात, एकमेकींना चिकटवून टेपनं बांधलेल्या. मी म्हटलं, "अहो काका, हे रिसीव्हरला तळघरात बसवून फोन लावल्यासारखं झालं." ते म्हणाले, "पण टेप किती नीट लावलीय बघ." टेप खरंच नीट होती.

दोन अँटेना असतील तर दोघींमध्ये नव्वद अंश ठेवा, म्हणजे एकीचं टोक रिमोटकडे झालं तरी दुसरीची बाजू त्याच्याकडे असते. कार्बनच्या नाकात जागाच नसेल तर छोटं भोक पाडून टोकं बाहेर काढा. दिसायला वाईट दिसतं, मान्य.

पाचवी, आणि माझ्या मते सगळ्यात जास्त सापडणारी: कनेक्टर, स्विच, बॅटरीचा डबा

स्प्रिंगवाला चार सेलचा प्लास्टिकचा डबा ग्लायडरमध्ये असेल तर मी पुढचं काही बघतच नाही, आधी तो काढायला लावतो. बंजीच्या (रबरी दोरीनं उडवायच्या) झटक्यात किंवा हँडलाँचच्या (हातानं फेकायच्या) फिरकीत सेल मिलिमीटरभर जरी सरकला तरी वीज तुटते, आणि ती परत यायला क्षण लागतो पण रिसीव्हरला परत उठून लिंक जोडायला त्याहून जास्त वेळ लागतो. सेल एकमेकांना सोल्डर केलेला पॅक वापरा.

डबा नसला तरी गंज. हिशोब करून बघा, गंजलेल्या किंवा ढिल्या कॉन्टॅक्टचा रोध फक्त ०.२ ओहम धरला आणि सगळे सर्व्हो मिळून तीन अँप ओढतायत, तर ०.६ व्होल्ट तिथेच खलास. चार निकेल सेलच्या ४.८ व्होल्टमधून हे गेले की उरले ४.२, वर बॅटरी अर्धी संपलेली असेल तर विचारूच नका.

तपासायला पैसे लागत नाहीत. सगळं ऑन करा, मग एकेक वायर, स्विच, कनेक्टर बोटानं हलवा, ओढा, दाबा. स्विच दहा-वीस वेळा ऑन-ऑफ करा. पंखाच्या मुळाशी जे हिरवे सहा पिनचे कनेक्टर असतात त्यांच्या मागचं सोल्डर भिंगातून बघा, चकचकीत नसून राखेच्या रंगाचं, दाणेदार दिसलं तर ते जॉइंट परत करा. धड वायर आणि आतून तुटलेली वायर बाहेरून सारखीच दिसते, प्लास्टिक शाबूत असतं, आतले तार गेलेले असतात, बोटानं वाकवली की एखाद्या जागी वायर जास्तच मऊ लागते, तिथेच.

सहावी: लोडवरचा व्होल्टेज

नुसती बॅटरी मल्टीमीटरला लावून "पाच पॉइंट चार आहे ना" म्हणणं म्हणजे झोपलेल्या माणसाची नाडी बघून तो पळू शकेल असं म्हणण्यासारखं. रिसीव्हरच्या रिकाम्या पोर्टला मीटर लावा आणि दोन्ही स्टिक वेड्यासारख्या घुसळा, फ्लॅप एकदम खाली-वर करा, मित्राला सगळे पृष्ठभाग हातानं हलकेच अडवायला सांगा, हलकेच म्हणजे खरंच हलके, गिअर तोडायचे नाहीयेत. ५ व्होल्टचा पुरवठा असेल आणि आकडा ४.५ च्या खाली डोकावला तर मी ते ग्लायडर उडवू देत नाही.

साधा मल्टीमीटर हळू असतो, क्षणभराची बुडी त्याला दिसतच नाही. टेलिमेट्री (ग्लायडरकडून रिमोटवर परत येणारे आकडे) असेल तर रिसीव्हर व्होल्टेजचा मिनिमम आकडा बघा, तो खरं बोलतो. क्रो ब्रेकला त्रास होतो ती केस इथेच सापडते, कारण वेगात असताना दोन फ्लॅप आणि दोन एलेरॉन एकदम हवेविरुद्ध ढकलायचे म्हणजे चार सर्व्हो एकाच क्षणी पोटभर करंट मागतात, वर एलिव्हेटर आहेच.

लोक यावर रिसीव्हरला मोठा कॅपॅसिटर लावतात. लावा, अगदीच क्षणिक बुडी तो भरतो, पण बॅटरी किंवा वायर अशक्त असेल तर तो नुसता आजार झाकतो आणि ग्लायडर पडायचा तो दोन फ्लाइट उशिरा पडतो.

सातवी: अडकलेला सर्व्हो

स्टिक मध्यावर ठेवा, खोली शांत करा, कान लावा. एखादा सर्व्हो सतत गुणगुणत असेल तर तो कशाला तरी रेटतोय. मग एकेक करून सर्व्होचा हॉर्न (वरची छोटी दांडी) सोडवून पृष्ठभाग बोटानं हलवा, मोकळा हलतोय का, हिंज कडक आहे का, पुशरॉड (सर्व्होपासून पृष्ठभागापर्यंतची काडी) फ्युजलाजच्या (धडाच्या) भोकात घासतोय का. फ्लॅप टोकाला अडतोय आणि रिमोट अजून खाली मागतोय असं असेल तर रिमोटमधला एंड पॉइंट (सर्व्होनं कुठवर जायचं ती मर्यादा) कमी करा. अडकलेला सर्व्हो स्टॉल करंट (मोटर अडून बसल्यावरचा करंट, पंखाच्या स्टॉलशी संबंध नाही) ओढतो, नेहमीच्या कितीतरी पट, आणि तो एकटाच बाकी सगळ्यांची वीज खातो. एकाच सर्व्होची थरथर मध्याच्या आसपासच होत असेल तर बहुधा आतला पॉट (सर्व्हो कुठे आहे ते मोजणारा पोटेंशिओमीटर) झिजलाय, कारण ग्लायडरमध्ये सर्व्हो आयुष्यभर मध्याजवळच नाचतो. तो बदला, साफ करत बसू नका.

आठवी: बीईसी

ही मोटरवाल्या ग्लायडरची खास. बीईसी म्हणजे मोटरच्या बॅटरीचा व्होल्टेज कमी करून रिसीव्हर-सर्व्होंना देणारं सर्किट. इएससीमधला बीईसी लिनियर आहे की स्विचिंग, हे डब्यावर किंवा मॅन्युअलमध्ये असतं. लिनियर म्हणजे जास्तीचा व्होल्टेज तो नुसता उष्णता करून टाकतो. तीन सेलची भरलेली लायपो (लिथियम-पॉलिमर बॅटरी) १२.६ व्होल्ट, सर्व्होंना हवेत ५, उरलेले ७.६ गुणिले एक अँप म्हणजे ७.६ वॅट उष्णता, त्या अंगठ्याएवढ्या चिपमध्ये, फोमच्या बंद नाकात. छोटी सोल्डरिंग आयर्न १५-२५ वॅटची असते, यावरून अंदाज घ्या. तापला की तो स्वतःला बंद करतो, थंड झाला की परत चालू, म्हणून जमिनीवर आणल्यावर दोष सापडत नाही आणि मालक वेडा होतो. चार-सहा सर्व्हो आणि तीन सेल असतील तर लिनियरवर उडवू नका, वेगळा स्विचिंग बीईसी बसवा आणि इएससीच्या प्लगमधली लाल वायर काढून टेप लावा, नाहीतर दोन पुरवठे एकमेकांशी भांडतात. आणि नाकात हवा जायला आणि बाहेर यायला भोक ठेवा, बाहेर यायचं मोठं.

दोन सेलची लायपो सरळ रिसीव्हरला लावायची आयडिया अधूनमधून कोणीतरी काढतंच. भरलेली असताना ती ८.४ व्होल्ट असते, सर्व्होवर हाय व्होल्टेज लिहिलेलं नसेल तर जळतील.

हे सगळं करूनही त्रास राहिला तर मग, आणि मगच, रिसीव्हर बदलून बघा, तोही ओळखीच्या दुसऱ्या ग्लायडरमधला चालू असलेला आणून.

इथे थांबा

लायपो फुगलेली असेल किंवा आपटल्यावर तिला खड्डा पडला असेल तर टेस्टिंग नाही, चार्जिंग नाही, घराबाहेर मोकळ्या जागी नेऊन ठेवा आणि बॅटरी जमा करणाऱ्या केंद्रावर द्या. ट्रान्समीटर उघडू नका. आतली अँटेनाची केबल निघाली असेल, रिमोट पडला असेल आणि त्यानंतरच रेंज कमी झाली असेल, तर तो कंपनीच्या सर्व्हिस सेंटरला जातो, कारण तिथे पॉवर मोजायला यंत्र लागतं आणि आपल्याकडे फक्त उत्साह असतो. रिसीव्हरच्या अँटेनाची केबल कापली गेली असेल तर जोड देऊ नका, त्याच लांबीची नवीन बसवून घ्या किंवा रिसीव्हर बदला. इएससीला जळका वास येत असेल तर सरळ काढून टाका. आणि ग्लायडर तीन-चार मीटरचं, चार-पाच किलोचं असेल आणि कारण सापडलेलं नसेल तर "एक फ्लाइट मारून बघू" असं म्हणू नका, क्लबातल्या सगळ्यात अनुभवी माणसाला आख्खी वायरिंग दाखवा, एवढं वजन वेगात कुणाच्या अंगावर आलं तर ते खेळणं राहत नाही.

फेलसेफ दोष दुरुस्त करत नाही, पण तो सेट केल्याशिवाय परत उडवू नका. मोटर बंद, हे तर हवंच. बाकी पृष्ठभाग "जसे होते तसे" ठेवायचा मोह होतो, पण चांगला ट्रिम केलेला ग्लायडर थर्मलमध्ये (वर चढणाऱ्या गरम हवेत) तसाच गोल गोल वर निघून जातो आणि परत दिसत नाही, म्हणून अर्धा क्रो आणि थोडा रडर (शेपटीचा उभा पृष्ठभाग) द्या, म्हणजे तो हळूहळू घिरट्या घालत आसपासच खाली येतो. सेट केल्यावर रिमोट खरंच बंद करून बघा, सर्व्हो तिथे जातात का. रिसीव्हर परत बाइंड केला (रिमोटशी नव्यानं जोडला) की बऱ्याच सिस्टिममध्ये फेलसेफ परत सेट करावा लागतो, हे हमखास विसरलं जातं.

दुरुस्तीनंतरची पहिली फ्लाइट जवळच, मैदान रिकामं असताना, आणि क्रो ब्रेक पहिल्यांदा उंचावरच उघडा. तिथे गडबड झाली तर सावरायला जागा असते.